वाढत्या अंगाचा स्वेटर

हॅम्बुर्गच्या कुन्स्टहाले या कलासंग्रहालयात एक जुनं वेदीचित्र आहे. बुक्सटेहुडे गावातल्या नन्सच्या मठासाठी मिंडेनच्या बेर्ट्राम या चित्रकाराने ते 1400च्या आगेमागे रंगवलं. त्याच्या एका चौकटीत मेरी बसून विणते आहे. हातात लहान मुलाचा लालसर अंगरखा आहे. अंग आणि बाह्या झाल्या आहेत, गळ्याभोवतीचे टाके सुयांवर गोलाकार चढवले आहेत. जवळच बाळ येशू गवतावर पुस्तक उघडून पहुडला आहे. दोन देवदूत भेटीला आलेत आणि त्यांच्या हातात क्रूस आणि भाला आहे. धार्मिक मनाचा माणूस आधी तो क्रूस बघेल. विणकाम येणारा आधी सुया बघतो, कारण गळ्याचे टाके असेच उचलतात आणि चित्रकाराने हे काम कुणाच्या तरी हातात नीट निरखलेलं असणार.

योहानाच्या शुभवर्तमानात येशूचा झगा वरपासून खालपर्यंत अखंड, बिनशिवणीचा होता असं म्हटलं आहे. क्रुसाखालच्या शिपायांनी तो फाडून वाटून घेतला नाही, त्यावर चिठ्ठ्या टाकल्या. मध्ययुगात या झग्याभोवती एक आख्यायिका तयार झाली: तो मेरीने येशूच्या लहानपणीच केला होता, आणि मुलगा जसजसा वाढला तसतसा झगाही त्याच्याबरोबर वाढत गेला. लहान मुलासाठी कधी काही विणलेल्या बाईला ही कल्पना कुठून आली असेल ते सांगावं लागत नाही. मोठ्या माणसाचा स्वेटर विणताना आपण समोरच्या अंगाचं माप घेतो. मुलाच्या बाबतीत ज्या अंगाचं माप हवं, ते अंग अजून तयारच झालेलं नसतं. लोकर कोणती घ्यायची, गळा कसा ठेवायचा, बाही कुठून सुरू करायची, बटणं कुठे लावायची, या सगळ्याची उत्तरं या एका अडचणीतून निघतात. भेट म्हणून विणायचं असेल तर अडचण आणखी वाढते, कारण अनेकदा मूल दुसऱ्या गावी असतं आणि मधूनमधून अंगाला लावून बघण्याची सोय नसते.

तेव्हा आधी मूल कसं वाढतं ते बघू. बालरोगतज्ज्ञांच्या फाइलमध्ये वाढीचा जो आलेख असतो, त्यातले आकडे जागतिक आरोग्य संघटनेने 2006मध्ये प्रसिद्ध केले. त्यासाठी सहा देशांतल्या मुलांची मापं घेतली होती आणि त्यांत दिल्लीची मुलंही होती. त्या आलेखाच्या मधल्या रेषेवरचं मूल जन्मतः सुमारे 50 सेंटिमीटर लांब असतं, वर्षाचं होतं तेव्हा 75 आणि दोन वर्षांचं होतं तेव्हा 87 सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे पहिल्या वर्षात पंचवीस सेंटिमीटर, दुसऱ्यात बारा, आणि मग हळूहळू कमी. तीन महिन्यांच्या बाळासाठी मोजून विणलेला स्वेटर पोस्टात आठ-पंधरा दिवस अडकला तरी तो तोकडा होऊ शकतो, याचं कारण हे.

पण मूल सगळीकडून सारखं वाढत नाही, आणि विणणाऱ्याच्या उपयोगाची खरी गोष्ट ती आहे. विणकामाच्या प्रचलित मापपट्ट्या बघा. वर्षाच्या मुलाची छाती साधारण 46 सेंटिमीटर आणि चार वर्षांच्या मुलाची 58च्या आसपास. तीन वर्षांत बारा सेंटिमीटर. उंची याच काळात पंचवीसहून जास्त सेंटिमीटरने वाढते आणि हात त्याच बेताने लांब होतात. मुलाचा स्वेटर लहान झाला असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा तो छातीत लहान झालेला नसतो. मनगटं उघडी पडलेली असतात आणि हात वर केला की पोट दिसत असतं. छातीत आठ सेंटिमीटर सैल ठेवलेला स्वेटर रुंदीच्या हिशोबाने दोन हिवाळे सहज काढतो. लांबीला मात्र आधीपासून जागा ठेवता येत नाही. बाह्या दहा सेंटिमीटर जास्त लांब केल्या तर मूल त्यांत अडखळतं आणि जेवताना त्या वरणात बुडवतं. म्हणून रुंदी पहिल्यापासून जास्त द्यायची आणि लांबी नंतर वाढवता येईल असं काम करायचं, हे सूत्र मी या प्रकारच्या विणकामात सगळ्यांत मोलाचं मानते. ते कसं साधायचं ते पुढे येईलच.

रुंदीचा हिशोब टाक्यांत करावा लागतो आणि तिथे विणणाऱ्याचा हात मध्ये येतो. कुणाचा हात घट्ट असतो, कुणाचा सैल. मध्यम जाडीच्या लोकरीचे 8 नंबरच्या, म्हणजे 4 मिलिमीटरच्या सुयांवर दहा सेंटिमीटरमध्ये साधारण 22 टाके बसतात. (आपल्याकडच्या दुकानांत अजून जुने ब्रिटिश नंबर चालतात. त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. 10 नंबर सव्वातीन मिलिमीटरची असते.) दोन वर्षांच्या मुलाची छाती 53 धरली आणि आठ सेंटिमीटर सैलपणा दिला तर घेर 61 होतो. दर सेंटिमीटरला 2.2 टाके, म्हणजे एकूण 134. आता तुमचा हात घट्ट असेल आणि दहा सेंटिमीटरमध्ये 22ऐवजी 24 टाके बसत असतील, तर तेच 134 टाके 56 सेंटिमीटरच भरतील. डोळ्यांना कळणारही नाही असा दर दहा सेंटिमीटरला दोन टाक्यांचा फरक, आणि तेवढ्यात एक अख्खा हिवाळा हातचा गेला. म्हणून आधी वीतभर नमुना विणायचा, तो धुवायचा, सुकवायचा आणि मग मोजायचा. धुतल्यावर लोकर फुलते, टाके आपापल्या जागी बसतात. कोरा नमुना मोजून उपयोग नाही.

अशा स्वेटरमध्ये टाके किती असतात याचाही अंदाज घेऊन ठेवावा. 134 टाक्यांच्या शंभरेक ओळी अंगाला लागतात आणि दोन्ही बाह्यांचे मिळून पाच-सहा हजार टाके होतात. सगळे मिळून वीस हजारांच्या घरात जातात. लोकर लागते पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास. ती एकदमच घ्यावी आणि प्रत्येक गुंड्याच्या कागदी पट्टीवरचा शेड नंबर आणि रंगाईचा लॉट नंबर, दोन्ही जुळवून घ्यावेत. शेड तोच पण लॉट वेगळा असेल तर दुकानातल्या उजेडात फरक दिसत नाही, पाठीच्या मधोमध मात्र आडवी रेघ उमटते.

हे वीस हजार टाके नेमके काय असतात? डाव्या सुईवर एक फास आहे. उजव्या सुईचं टोक त्या फासात पुढून मागे घालायचं, धागा टोकावरून घ्यायचा आणि तो फासातून ओढून बाहेर काढायचा. नवा फास उजव्या सुईवर आला, जुना डावीकडून सुटला. हा सुलट टाका. मागून पुढे घातली की उलट. विणकामाच्या पुस्तकांतल्या वेण्या, जाळ्या, पानं, नक्षी हे सगळं या दोन हालचालींच्या मांडणीतून निघतं. इथे धाग्याचं टोक फासातून कधीच जात नाही, जातो तो फक्त धाग्याचा वाकवलेला भाग. त्यामुळे शेवटचा फास मोकळा करून टोक ओढलं की अख्खं काम उसवत सुरुवातीपर्यंत जाऊ शकतं.

हे वैशिष्ट्य सगळ्या जुन्या विणीत नव्हतं. ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तमधल्या अँटिनोपोलिस या प्राचीन शहराच्या उकिरड्यात सापडलेला एक लोकरी मोजा आहे. तो लहान मुलाच्या डाव्या पायाचा आहे, सुमारे 1700 वर्षांपूर्वीचा. चपलेचा पट्टा अंगठ्यापाशी बसावा म्हणून त्याचा अंगठा वेगळा केलेला आहे. संशोधकांनी 2018मध्ये वेगवेगळ्या प्रकाशलहरींखाली त्याची छायाचित्रं घेतली तेव्हा कळलं, की लाल, निळा आणि पिवळा देणाऱ्या तीनच वनस्पतिरंगांतून, धाग्यावर धागा आणि रंगावर रंग चढवून, त्यावरचे सगळे पट्टे साधले आहेत. एवढ्याशा पावलासाठी एवढी मेहनत. पण तो मोजा दोन सुयांवर विणलेला नाही. एका नेढ्याच्या सुईत धाग्याचा तुकडा ओवून दर वेळी अख्खा तुकडा फासातून ओढून घ्यायचा, अशी ती पद्धत होती. कापड भक्कम होतं, पण असं काम सहज उसवत नाही. दोन सुयांच्या विणकामाचे आज उपलब्ध असलेले सगळ्यांत जुने नमुने याच इजिप्तमधले आहेत, पण ते या मोज्यापेक्षा कित्येक शतकांनी अलीकडचे. एका मुलाचं कापड उसवून त्याच धाग्यात दुसऱ्या मापाचं करणं या नव्या पद्धतीत शक्य झालं, आणि वाढत्या अंगाच्या दृष्टीने हा फार मोठा फायदा होता.

दुसरा फायदा ताणाचा. मागावर विणलेल्या कापडात उभे-आडवे धागे सरळ असतात, त्यामुळे ते ओढलं तरी फारसं ताणलं जात नाही. सुयांवर विणलेल्या कापडात प्रत्येक फास वाकडा असतो. ओढलं की तो लांबट होतो, सोडलं की परत गोलसर. धागा स्वतः ताणला जात नसला तरी कापड ताणलं जातं. अमेरिकेत जॉर्जिया टेक या संस्थेत एलिझाबेटा मात्सुमोतो या भौतिकशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी याच गोष्टीचा अभ्यास करतात: धागा तोच ठेवून फक्त सुलट-उलट टाक्यांची मांडणी बदलली तर कापडाची लवचीकता किती बदलते. एक ओळ सुलट, एक उलट विणलं तर कापड गुळगुळीत होतं, पण कडा गुंडाळल्या जातात. सगळ्याच ओळी सुलट विणल्या तर ते जाडसर, सपाट राहतं आणि उभ्या दिशेने चांगलं ताणलं जातं. आणि दोन सुलट, दोन उलट असं एकावर एक विणत गेलं, तर सुलट टाक्यांचे खांब पुढे येतात, उलट टाक्यांचे मागे सरतात आणि कापड पेटीच्या भात्यासारखं आपोआप मिटतं. ओढलं की उघडतं, सोडलं की पुन्हा मिटतं. मनगटाला, कमरेला आणि गळ्याला ही काठाची वीण वापरतात ती यासाठी.

यातला गळा सगळ्यांत महत्त्वाचा. दिसायला उत्तम पण मुलाच्या अंगावर कधीच न चढलेले जे स्वेटर कपाटांत पडून असतात, त्यांतले बरेच गळ्यामुळे हरलेले असतात. मोठ्या माणसाचं डोकं अंगाच्या मानाने लहान असतं, मुलाचं तसं नसतं. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर छातीपेक्षा थोडा जास्तच असतो. वर्षाच्या सुमारास दोन्ही घेर बरोबरीला येतात, 45-46 सेंटिमीटरच्या आसपास, आणि त्यानंतर छाती पुढे जाते. मान मात्र डोक्याच्या साधारण निम्मीच असते. म्हणजे असा गळा हवा की जो 46 सेंटिमीटरच्या डोक्यावरून जाईल आणि खाली आल्यावर मानेपाशी वारा जाणार नाही इतका जवळ येईल.

मुलाला स्वेटर घालताना काय होतं ते आठवा. गळा कपाळावरून खाली येतो, नाकाशी अडतो, क्षणभर अंधार होतो. मूल घाबरतं, मान मागे फेकतं, आणि तेवढ्यात काठ कानांना घासून पुढे सरकतो. दोनदा असं झालं की तिसऱ्या वेळी स्वेटर बघूनच रडू सुरू होतं. दोष वीण घट्ट असल्याचा नसतोच बहुधा. शेवटच्या ओळीचे टाके घट्ट बंद केलेले असतात. काठाची वीण कितीही ताणली जावो, तिच्या टोकाची ओळ ताणली गेली नाही तर सगळं फुकट. त्यासाठी गळ्याचे टाके बंद करताना एक-दोन नंबर जाड सुई घ्यावी, किंवा धागा नेढ्याच्या सुईत ओवून टाके शिवून बंद करावेत. शिवून बंद केलेली कड विणून बंद केलेल्या कडेपेक्षा जास्त ताण घेते. दोन वर्षांच्या आतल्या मुलासाठी मात्र माझं मत स्पष्ट आहे: डोक्यावरून घालायचा गळा करूच नये. समोरून पूर्ण उघडणारा स्वेटर करावा, नाहीतर एका खांद्यावर बटणपट्टी द्यावी.

बाहीचंही असंच. सराईत आई मुलाचा हात बाहीत ढकलत नाही. ती आपली बोटं मनगटाकडून बाहीत घालते, आतून मुलाची मूठ पकडते आणि बाही त्या मुठीवरून मागे सरकवते. म्हणजे मनगटाच्या काठात मोठ्या माणसाची तीन-चार बोटं सहज मावायला हवीत. तेवढी ताण घेणारी वीण नसेल तर मनगट कितीही सुबक दिसो, ते उसवून पुन्हा करावं.

लोकरीच्या निवडीत आपल्या भागाची एक जुनी वस्तुस्थिती आहे. दख्खनी मेंढीची लोकर राठ असते. धनगरांच्या मेंढ्यांची ही लोकर, सनगरांचे माग आणि ताण्याला चिंचोक्याची खळ यांतून घोंगडी तयार होते आणि पावसात, थंडीत रानात ती माणसाला जपते. पण तीच लोकर बाळाच्या गळ्याशी टोचेल. हे टोचणं बरंचसं तंतूच्या जाडीवर ठरतं. सुमारे 30 मायक्रॉनपेक्षा जाड तंतूची टोकं कातडीला टेकली की वाकत नाहीत, रुततात. मेरिनो मेंढीचा तंतू 24 मायक्रॉनच्या आतला असतो. तो वाकतो आणि त्वचेला कळतही नाही. मेरिनो महाग असते, आणि आपल्या बाजारात लोकर म्हणून जी रंगीत गुंड्यांची भिंत दिसते, त्यात बहुतेक माल ॲक्रिलिकचा असतो.

ॲक्रिलिकला नाक मुरडायचं कारण नाही. ते स्वस्त आहे, टोचत नाही, कसर लागत नाही आणि मशीनमध्ये धुतलं तरी आटत नाही. तान्ह्या मुलाच्या आईला भेट देताना शेवटची गोष्ट फार मोठी ठरते. जिच्याकडे दिवसाला दोन बादल्या कपडे धुवायला पडतात, तिला फक्त हाताने आणि गार पाण्यात धुवायचा स्वेटर देणं म्हणजे एक काम भेट देणं होय. पण दोन बाबतींत खऱ्या लोकरीची बरोबरी ॲक्रिलिक करत नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या तीसएक टक्के ओलावा पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही. ॲक्रिलिक ओलावा जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे खेळून घामेजलेलं मूल आतून दमट राहतं. आणि लोकर सहजासहजी पेट घेत नाही, घेतली तरी वितळत नाही. ॲक्रिलिक पेटतं, वितळतं आणि कातडीला चिकटतं. ज्या घरांत अजून बाळाला न्हाऊ घातल्यावर शेक-शेगडी होते, ओवा आणि वेखंडाची धुरी दिली जाते, तिथे हा फरक पुस्तकातला राहत नाही. बाळाच्या अंगात ॲक्रिलिकचा स्वेटर असताना निखाऱ्याजवळ जाऊ नये, हे भेट देणाऱ्याने तोंडाने सांगावं. सुती धागा मुंबई-कोकणातल्या हवेला बरा, पण तो जड असतो आणि ताणला की परत येत नाही. त्यामुळे सुती स्वेटरचा गळा महिन्याभरात लोंबतो. सुती धागा घ्यायचाच असेल तर बिनबाह्यांची बंडी करावी.

हवेचा विचार एवढ्यासाठीही करायचा, की मायेच्या भरात मुलाला गरजेपेक्षा जास्त गुंडाळलं जातं. नवजात बाळाची उष्णता लवकर जाते हे खरं आहे. वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचं क्षेत्रफळ मोठ्या माणसाच्या अडीच पट असतं आणि त्याला नीट कुडकुडताही येत नाही. पण घरात झोपलेल्या बाळाला टोपी, स्वेटर आणि वर दुपटं घालून तापवणं धोक्याचं असतं, असं बालरोगतज्ज्ञ बजावून सांगतात. हातपाय गार लागले म्हणून थंडी ठरवू नये, मानेच्या मागे किंवा छातीवर हात ठेवून बघावं. निफाडच्या थंडीतला स्वेटर वेगळा आणि डोंबिवलीतला वेगळा असायला हवा. डोंबिवलीतल्या बाळाला जाड वेण्यांचा स्वेटर पाठवला तर तो फोटोपुरता अंगात चढेल.

काही धोके मात्र हवेवर अवलंबून नसतात. गळ्याशी ओवलेली लोकरीची दोरी, तिच्या टोकाला गोंडे, हे जुन्या नमुन्यांत सर्रास दिसतं. ती दोरी झोपाळ्यात, घसरगुंडीवर, दारात अडकून मुलांचे जीव गेले आहेत. अमेरिकेत 1996मध्ये मुलांच्या कपड्यांतल्या अशा नाड्यांबाबत सरकारी यंत्रणेने सूचना काढल्या आणि युरोपातही त्यासाठी स्वतंत्र मानक आहे. गळ्याला दोरी नको म्हणजे नकोच. बटणं लोकरीने न लावता शिवणाच्या पक्क्या दोऱ्याने, मागे छोटं बटण ठेवून लावावीत, कारण दात येणारं मूल ती चावून ओढतं. दोन रंगांची नक्षी असेल तर आतल्या बाजूला न वापरलेल्या रंगाचे धागे लोंबत राहतात. त्या फासांत बाळाची बोटं अडकतात, आणि धागा बोटाभोवती आवळला गेला तर रक्तपुरवठा थांबून बोट गमवायची वेळ येऊ शकते. म्हणून वर्षाच्या आतल्या बाळाच्या मोज्या-हातमोज्यांत रंगीत नक्षी करू नये. नक्षी हवी असेल तर आडवे पट्टे घ्यावेत, टोकं नीट विणीत लपवावीत.

वाढत्या अंगाचा प्रश्न ज्यांनी सगळ्यांत हुशारीने हाताळला, त्यांत एलिझाबेथ झिमरमन यांचं नाव मी पहिलं घेईन. त्या 1910मध्ये इंग्लंडमध्ये जन्मल्या आणि अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये स्थायिक झाल्या. त्यांचं विणकामावरचं पहिलं पुस्तक 1971मध्ये निघालं. त्याआधी 1968मध्ये त्यांनी एका बाळासाठी एक जाकीट रचलं, ते आज जगभर विणलं जातं. 160 टाके घालायचे आणि सगळ्या ओळी सुलट विणायच्या. दोन ठरावीक जागी आधी टाके कमी करत जायचं, मग त्याच जागी वाढवत जायचं. विणत असताना ते कपड्यासारखं दिसतच नाही, वेडंवाकडं एक फडकं दिसतं. टाके बंद केल्यावर ते दोन घड्यांत दुमडायचं, आणि अचानक पाठ, दोन पुढचे भाग आणि दोन बाह्या समोर येतात. शिवण फक्त दोन, बाह्यांच्या वरच्या कडेला. हे जमतं याचं कारण सुलट विणीच्या भूमितीत आहे. सगळ्या ओळी सुलट असल्या की दोन ओळींची मिळून एक उंचवटलेली रेघ होते आणि तिची उंची जवळजवळ एका टाक्याच्या रुंदीएवढी भरते. कापड दोन्ही दिशांना सारखंच मोजलं जातं, म्हणून ते कोपऱ्यात वळवता येतं. या नमुन्यात मापं दिलेलीच नाहीत म्हटलं तरी चालेल. बारीक लोकर आणि बारीक सुया घेतल्या तर नवजाताचं होतं, जाड घेतल्या तर दोन वर्षांच्या मुलाचं. समोरून उघडं असल्याने गळ्याचा प्रश्न येत नाही, आणि उलटवलेल्या कडांमुळे मूल वाढलं तरी काही महिने ते पुरतं.

सुया आपल्या देशात पसरल्या त्या मोठ्या प्रमाणात मिशनऱ्यांच्या हातांनी. हिमाचलातल्या लाहौलमध्ये केलांगला एकोणिसाव्या शतकात मोरेव्हियन मिशनऱ्यांनी बायकांना विणकाम शिकवलं. तिथल्या बायकांनी त्यात आपले रंग आणि आपली नक्षी आणली, आणि आज लाहौलच्या मोज्यांना-हातमोज्यांना भौगोलिक मानांकन आहे. आपल्याकडे ते आलं मुलींच्या शाळांच्या शिवण-विणकामाच्या तासांतून, आणि घरात ते जाऊन बसलं बाळंतविड्यात. झबली, टोपडी, कुंची, दुपटी, लाळेरी यांच्या जोडीला लोकरीचा स्वेटर, टोपी आणि मोजे असा संच ताटात आला. अनेक घरांत बाळ जन्माला येण्याआधी त्याच्यासाठी नवं काही आणायचं नाही, अशी रीत अजून पाळतात. पहिले दिवस जुन्या, मऊ झालेल्या लुगड्या-धोतरांच्या कपड्यांत जातात. म्हणून कित्येक आज्या आणि आत्या लोकर आधी घेऊन ठेवतात आणि बाळ हाती आल्यावर टाके घालतात. बारशापर्यंत तेवढ्या दिवसांत टोपी-मोजेच हाताला येतात. स्वेटर मग निवांतपणे, पुढच्या थंडीच्या बेताने करावा हे उत्तम. लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला जाणाऱ्या आज्यांनी तर हे पक्कं लक्षात ठेवावं: बाळ मे महिन्यात होणार असेल तर नवजाताच्या मापाचा स्वेटर बॅगेत नेण्यात अर्थ नाही. तिथली खरी थंडी येईल तेव्हा बाळ सात-आठ महिन्यांचं असेल. माप त्या महिन्याचं घ्यायचं.

आता बाहीचा राहिलेला प्रश्न. विणकाम फक्त शेवटाकडून मोकळं उसवतं, सुरुवातीकडून नाही. बहुतेक छापील नमुन्यांत बाही मनगटापासून सुरू करून खांद्याकडे नेतात. अशी बाही तोकडी झाली की मनगटाच्या बाजूने ती सरळ उसवता येत नाही. उलट केलं, म्हणजे खांद्याच्या कडेने टाके उचलून बाही वरून खाली विणली, तर शेवट मनगटाशी येतो. मुलाचे हात लांब झाले की मनगटाचा काठ उसवायचा, मोकळे टाके सुईवर घ्यायचे, चार सेंटिमीटरसाठी डझनभर ओळी वाढवायच्या आणि काठ पुन्हा विणून बंद करायचा. एका संध्याकाळचं काम आहे. अंगही गळ्यापासून खाली विणलेलं असेल तर कमरेलाही हेच करता येतं. मेरीच्या झग्याच्या आख्यायिकेला जे चमत्काराने साधावं लागलं, त्यातलं बरंचसं वरून खाली विणण्याने साधतं.

त्यासाठी भेटीबरोबर उरलेला गुंडा द्यायला हवा. एका पिशवीत तो गुंडा, एक जादा बटण, आणि एक चिठ्ठी: लोकर कोणती, शेड आणि लॉट कोणता, सुया किती नंबरच्या, धुवायचं कसं. ॲक्रिलिक असेल तर गरम इस्त्री फिरवू नये हेही लिहावं. तापलं की त्याची उसळी कायमची जाते आणि काठ लुळा पडतो.

दोन-तीन हिवाळ्यांनंतर छातीतही तो स्वेटर होणार नाही. मग शिवणी सोडवायच्या आणि धागा ओढून काढायचा. उसवलेली लोकर वळणावळणांची निघते. तशीच विणली तर टाके वेडेवाकडे पडतात. ती खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून लड करावी, चार ठिकाणी सैल बांधावी, कोमट पाण्यात भिजवून सावलीत टांगावी. लोकर सरळ होते. पावणेदोनशे ग्रॅम लोकर पाच वर्षांच्या मुलाला पुरत नाही, दुसऱ्या रंगाचे पट्टे घालावे लागतात. सहा महिन्यांच्या धाकट्या भावंडाचा मात्र तिच्यात पूर्ण बाह्यांचा स्वेटर होतो आणि बहुधा टोपीही निघते.